शुक्रवारच्या वर्गाची चिठ्ठीसभा

शुक्रवार, ५ सप्टेंबर

सुट्टीनंतरचा पहिला मराठी वर्ग. पटावर सव्वीस मुलं, हजर अकरा, आणि त्यातली दोन नुसती एसीसाठी आली असावीत. बाहेर अजून भट्टी आहे. तरी अकरा म्हणजे अगदीच वाईट नाही. गेल्या सप्टेंबरात नऊ होती.

आज निबंध घेतला, 'नदीचे आत्मवृत्त'. आख्ख्या कुवेतमध्ये एक नदी नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तर घ्यायचा. रिग्गई भागातल्या तळघराच्या हॉलमध्ये बसून मुलांनी 'मी नदी बोलते आहे' असं लिहिलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. स्वरानं मध्येच विचारलं, "बाई, नदी का नल किधर होता है?" सात वर्षांची आहे. आई इंदूरची, बाबा सोलापूरचे, घरात हिंदी. मी म्हटलं, मराठीत विचार. मग तिनं काहीच विचारलं नाही. शिस्त अशी हळूहळूच लागते.

अकरा वर्षं मी हा वर्ग चालवते आहे. आमच्या सागरतीर मंडळातली पोरं तर मला बाई म्हणतातच, त्यांचे आईबापही म्हणतात. नऊ ते अकरा या वेळात माझी लेक उर्वीसुद्धा मला बाईच म्हणते. तो माझाच नियम आहे. एरवी ती सोळा वर्षांची आहे आणि मला काही म्हणतच नाही.

वर्ग संपल्यावर इमारतीचा रखवालदार, आमचा इजिप्तचा हारिस, जिन्यात भेटला. मालकाला हॉल परत हवाय, गालिचे ठेवायला. ऑक्टोबर संपला की खाली करा म्हणे. अकरा वर्षांचा वर्ग गालिच्यांच्या गुंडाळ्यांसाठी उठवणार.

सोमवार, ८ सप्टेंबर

लक्ष्मीकांतच्या घरी कमिटी बसली. लक्ष्मीकांत म्हणजे आमचा सचिव. बँकेत आहे, त्यामुळे साध्या चहालाही अजेंडा लागतो. प्रश्न असा, की मंडळाच्या शिलकीत एकच गोष्ट होऊ शकते. एक तर वर्गासाठी नवा हॉल भाड्यानं घ्या, नाही तर मुंबईहून नाटक आणा. कमिटीतल्या संग्रामला नाटक हवंय. तो म्हणाला, "वर्ग बंद करा. मुलं येतच नाहीत. नाटकाला निदान हॉल भरेल." मी म्हटलं, नाटक दोन तासांत संपतं, भाषा आयुष्यभर पुरते. तो म्हणाला, बाई, हे वाक्य तुम्ही गेल्या वर्षीही म्हणाला होतात. चांगलं वाक्य पुन्हा म्हणायला काय हरकत आहे?

दोन तास भांडून झाल्यावर लक्ष्मीकांतनं आपली आयडिया काढली. परदेशात म्हणे आता असं करतात. नेते बाजूला ठेवायचे, सामान्य माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढायच्या, ज्यांची निघतील त्यांना एकत्र बसवायचं, दोन्ही बाजू ऐकवायच्या आणि त्यांच्याकडूनच ठराव लिहून घ्यायचा. मग त्या ठरावावर सगळ्यांनी मतदान करायचं. आपण दर वर्षी निवडणूक घेतो आणि तेच पाच जण निवडून येतो, असंही तो म्हणाला. त्या पाचांत मी आहे, तरी मी मान डोलावली.

तर ठरलं ते असं. नऊ घरांच्या चिठ्ठ्या काढायच्या. ती मंडळी चार शनिवार बसतील आणि ठराव लिहितील. कमिटीनं त्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. एक नोव्हेंबरला प्रत्येक घराचं एक गुप्त मत, हो किंवा नाही.

मी त्याला चिठ्ठीसभा असं नाव देऊन टाकलं. वर्गाचं जगणं-मरणं आता चिठ्ठीवर आहे, पण मला चिंता वाटत नाही. डब्यातून कोणाचंही नाव येवो, मातृभाषेच्या विरुद्ध कोण हात वर करेल?

शुक्रवार, १२ सप्टेंबर

चिठ्ठ्या निघाल्या. डबा आमच्या भिशीचा. कुवेतमधल्या मराठी माणसांत चिठ्ठ्या काढायचा दांडगा अनुभव फक्त भिशीच्या बायकांना आहे, म्हणून लक्ष्मीकांतनं नियमही भिशीचेच उचलले. घराची चिठ्ठी निघाली की घरातल्या कोणीही यावं, पण चारही वेळा त्याच माणसानं यावं. कमिटीवाल्यांनी बसायचं नाही.

सातवी चिठ्ठी आमची निघाली.

मी कमिटीत, म्हणून बाद. माझा नवरा जयप्रकाश इथल्या मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत शिफ्टवर असतो, त्याचे शनिवार म्हणजे रामभरोसे. उरली उर्वी. संग्राम म्हणाला, ती लहान आहे. नियम वाचले तर वयाची अट कुठेच नाही. भिशीत कोण कशाला वय विचारेल? लक्ष्मीकांतनं स्वतःचाच कागद दोनदा वाचला आणि उर्वीचं नाव लिहून घेतलं.

बाकीच्या आठ घरांतही तेच झालं. चिठ्ठ्या निघाल्या नवऱ्यांच्या नावानं, नवऱ्यांना निघाली ड्यूटी, आणि सभेत बसणार सहा बायका, व्हिजिटवर आलेले एक आजोबा, आयटीतला एक क्षितिज आणि आमची उर्वी. बायकांत असमा आहे, फरवानियाच्या बकालावाली, म्हणजे किराणा दुकानवाली. दाभोळची. तिचा मुलगा रेहान आधी माझ्या वर्गाला यायचा.

घरी येताना मी उर्वीला म्हटलं, "आता वर्ग तुझ्या हातात." ती म्हणाली, "आय नो." मला भरून आलं.

शनिवार, २० सप्टेंबर

पहिली बैठक झाली. मी साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती. ती तिला आवडते आणि खाताना ती बोलते. पण आज खिचडी संपली तरी चकार शब्द नाही.

"काय ठरलं?"

"सांगायचं नाही. रूल आहे."

"मी काय परकी आहे?"

"तू पार्टी आहेस, आई. तुझी साक्ष घ्यायची आहे आम्हाला."

आम्हाला, म्हणे. खिचडी माझी आणि 'आम्हाला' त्यांचं.

बुधवार, २४ सप्टेंबर

मेधाचा नाशिकहून फोन. माझ्या धाकट्या बहिणीनं नवा सोफा घेतलाय आणि त्यावर प्लास्टिक तसंच ठेवलंय, डाग पडू नयेत म्हणून. मी म्हटलं, मग बसता कुठे, शेजारी? ती म्हणाली, तू तिकडे वाळवंटात बसून माझ्या सोफ्याला नावं ठेवू नकोस. मी म्हटलं, तुझ्याकडे पाहुणा आला की घाम फुटून खाली घसरतो, त्याला सोफा नाही, घसरगुंडी म्हणतात. तासभर असं चाललं. फार बरं वाटलं.

उर्वी हा सगळा वेळ जवळच बसून होती, खी खी करत. मध्येच विचारलं, "नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय?" मी म्हटलं, वर्गातल्या वाक्प्रचारांच्या कागदावर आहे, बघ. ती म्हणाली, त्यावर अर्थ आहे, पण कांदे सोलताना मेधामावशी कशी दिसते ते नाहीये. मग म्हणाली, "आई, तू फोनवर बोलतेस तसं वर्गात का नाही बोलत?"

मी म्हटलं, वर्ग म्हणजे वर्ग. तिथे असं वेडंवाकडं बोलून कसं चालेल?

तिनं मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं. गृहपाठ असावा.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज माझी साक्ष झाली. दहा मिनिटं दिली होती, मी वीस घेतली. सगळं सांगितलं. अकरा वर्षं, शुद्धलेखन, पाठांतर, दर मार्चमध्ये परीक्षा, वक्तृत्वाची ढाल. आजोबांनी दोनदा मान डोलावली. नंतर कळलं, त्यांना झोप आली होती.

माझ्यानंतर संग्राम. त्यानं नाटकाचे फोटो दाखवले. त्यात बोलण्यासारखं काय असणार?

मग प्रश्न विचारायला उर्वी उठली. मला वाटलं, सोपा चेंडू टाकेल.

"बाई," ती म्हणाली, आणि क्षणभर मला कोणीतरी दुसरीच मुलगी वाटली, "गेल्या वर्षी वर्गाला किती मुलं स्वतःहून आली?"

मी म्हटलं, "मुलं स्वतःहून दातसुद्धा घासत नाहीत."

सगळे हसले, ती पण हसली. पण तिनं उत्तर लिहून घेतलं. साक्ष एकंदर उत्तम झाली. मी वर्गासाठी नवा फळा घ्यायचं ठरवलं आहे. नव्या हॉलमध्ये जुना फळा शोभणार नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

असमाच्या बकालात कोथिंबीर आणायला गेले. तिनं पैसे घेतले नाहीत, मी जबरदस्तीनं ठेवले, तिनं वर लिंबं टाकली. म्हणाली, "बाई, तुमची उर्वी काय बोलते हो. आमी सगळी तिच्या तोंडाकडं बघत ऱ्हातो."

मला माहीतच होतं. वक्तृत्वाची ढाल काय उगीच मिळते?

"रेहान काय म्हणतो? वर्गाला पाठव की."

"तो नाय येयाचा," असमा म्हणाली आणि लिंबं मोजायला लागली, जी तिनं आधीच मोजली होती. फुटबॉलचं वेड लागलं असणार. हुशार पोरगा होता. आला तेव्हा 'मासा गावला' म्हणायचा, मी त्याला 'सापडला' म्हणायला शिकवलं होतं, चारचौघांत पाचदा म्हणवून घेतलं होतं. तेवढं झालं आणि खेळाकडे वळला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दिवाळी. चकल्या बऱ्या झाल्या, शेव तिखट. जयप्रकाशला आज सुट्टी मिळाली, म्हणून तो मला नवा हॉल दाखवायला घेऊन गेला. फरवानियाला आहे, दुसऱ्या मजल्यावर, उजेड चांगला. भिंतीवर फळा कुठे लागेल ते मी वितीनं मोजलं. फळा कालच घरी आला, आमच्या पॅसेजमध्ये आडवा उभा आहे आणि सगळे त्याला अडखळतात.

परत येताना जयप्रकाश म्हणाला, "शुभदा, मनाची तयारी ठेव."

"कसली?"

"कसलीही."

हा इंजिनियर माणूस, कायम सेफ्टीचाच विचार. हॉलच्या भाड्याबद्दल बोलत असणार. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, ठराव आपल्या उर्वीचा आहे.  सिग्नलला गाडी थांबवून तो म्हणाला, "तेच सांगतोय."

शनिवार, १ नोव्हेंबर

सगळं लिहून काढते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

रिग्गईच्या हॉलमधली ही आमची शेवटचीच सभा. मालकानं एक दिवस वाढवून दिला होता. गालिचे आलेसुद्धा होते, भिंतीला टेकवून ठेवलेले. घरटी माणसं आली होती, पोरंही आली होती. लक्ष्मीकांतनं नियम वाचले आणि म्हणाला, चिठ्ठीसभेच्या वतीनं ठराव उर्वी मांडेल. मी पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून.

ती उठली. हातात कागद नव्हता. वर्गात असती तर मी विचारलं असतं, कागद कुठे आहे.

"नमस्कार. मला कोणी निवडून दिलेलं नाही. आमच्या घराची चिठ्ठी निघाली, आई कमिटीत आणि बाबा ड्यूटीवर, म्हणून मी आले. आमचा ठराव असा आहे. नवा हॉल घ्यायचा नाही. वर्ग बंद करायचा नाही. वर्ग दर शुक्रवारी एका घरी भरेल. कोणाच्या घरी, ते चिठ्ठीनं ठरेल. त्या घराला जे येतं ते त्या घरानं शिकवायचं, ते लोक घरात बोलतात त्याच मराठीत. फळा नाही, परीक्षा नाही. ज्या मुलाला यायचंय त्यानं यावं. शिल्लक पैशांचं काय करायचं ते पुढच्या चिठ्ठीसभेनं ठरवावं."

 मी आधी हिशेब केला, की दर शुक्रवारी वेगळ्या घरी जायचं म्हणजे मला पुस्तकं नेता-आणायला मोठी पिशवी लागेल. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. त्या ठरावात मी नव्हतेच.

संग्रामनंच विचारलं. त्याचं नाटकही गेलं होतं, पण त्यानं विचारलं ते माझ्याबद्दल. "मग बाईंचं काय?"

"बाईंचं घरही डब्यात आहे. सगळ्यांसारखं."

मग ती माझ्याकडे वळली. 

"मी बाईंच्या वर्गात दहा वर्षं बसले. मला नदीचं आत्मवृत्त अजून पाठ आहे. पण मला मराठी तिथे आलं नाही. आई मेधामावशीशी फोनवर भांडते ना, ते ऐकून आलं. आई भांडायला लागली की मी अभ्यास सोडून दाराशी येऊन बसते. तसं मराठी मी कुठल्याच पुस्तकात बघितलं नाहीये. स्वराच्या घरी असा फोनच येत नाही. रेहानच्या घरी येतो, पण त्याला आता वाटतं की त्याच्या घरचं मराठी चुकीचं आहे. आम्ही नऊ जण खूप भांडलो. आजोबा तर दोन शनिवार रागावून बसले होते. मग असमाकाकी म्हणाल्या, की एका घरचा फोन एकाच पोरानं का ऐकायचा? तर आम्हाला वाटतं, सगळ्या मुलांना सगळ्या घरचे फोन ऐकायला मिळावेत. एवढंच."

बसली.

मला काय झालं ते खरं खरं लिहिते. आधी राग आला, भयंकर. मेधाच्या सोफ्यापासून सगळं या पोरीनं भर सभेत आणलं. मग लाज वाटली, कारण मागे असमा बसली होती आणि तिनं मान खाली घातली होती. आणि या दोन्हींच्या खाली, एखादा दिवा लागावा तसा, मला हर्ष झाला. माझी मुलगी, जी मला घरात 'आय नो' आणि 'व्हॉटेव्हर' याखेरीज काही म्हणत नाही, एवढ्या माणसांत कागदाशिवाय उभी राहिली आणि एकही उसनं वाक्य न वापरता मराठीत बोलली. बोलून माझाच वर्ग बुडवला.

लक्ष्मीकांतनं मतांचे कागद वाटले. जयप्रकाशनं आमच्या घराचा कागद माझ्याकडे सरकवला आणि पाणी प्यायला म्हणून उठून गेला. पाणी समोरच होतं. मी 'नाही' लिहायला पेन टेकवलं. अकरा वर्षं माझ्या शुक्रवारी दुसरं काही नव्हतं. या गावात मी त्याच्याखेरीज कोण आहे, हे मला अजूनही सांगता येणार नाही. पण जिनं एवढं बोलून दाखवलं, तिच्या विरुद्ध मी कुठल्या तोंडानं मत देणार?

'हो' लिहिलं. घडी केली. डब्यात टाकलं.

बहुतेक घरांनी 'हो'च म्हटलं होतं. टाळ्या झाल्या. कोणीतरी मलाही टाळ्या वाजवताना पाहिलं असेल, मला आठवत नाही.

गाडीत मागून आवाज आला, "आई, आर यू मॅड?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, "घरी चल, भूक लागलीये."

सोमवार, ३ नोव्हेंबर

मेधाला फोन केला, सगळं सांगितलं. मला वाटलं, माझी बाजू घेईल. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या वर्गाची खरी बाई मी होते." मी फोन ठेवून दिला. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, कारण भांडण अर्धवट राहिलं होतं. पण दाराशी कोणी येऊन बसलंय का हे बघायला मी दोनदा मान वळवली, आणि त्यामुळे भांडण नीट रंगलं नाही.

उर्वी आली नाही. दोन दिवस ती माझ्यासमोर फार जपून चालते आहे, पॅसेजमधल्या त्या फळ्यापाशी चालावं तसं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

फळा दुकानदार परत घेईना. बाल्कनीत लावून ठेवला. उर्वी रात्री जेवताना म्हणाली, "तू 'नाही' दिलंस ना? इट्स ओके. मी पण दिलं असतं."

मत गुप्त असतं, असं मी म्हटलं. लक्ष्मीकांतचे नियम मी मोडणार नाही. पण मग मी म्हटलं, "तुझ्या भाषणात एक चूक होती."

तिचा चेहरा पडला. "कोणती?"

"मी मेधामावशीशी भांडत नाही. ती भांडते, मी उत्तरं देते."

ती इतकी हसली, की तिला ताट बाजूला ठेवावं लागलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिली चिठ्ठी असमाची निघाली. मी जाणारच नव्हते. उर्वीला दारात सोडून परत फिरायचं ठरवलं होतं, गाडी बंदही केली नव्हती. असमा स्वतः खाली आली. "वर या नां, बाई. चाय ठेवलाय."

गेले. तिच्या हॉलमध्ये चटया आणि त्यांवर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली, मधोमध कोळंबीचं घमेलं. पोरं गोल करून बसली होती. मी सवयीनं मोजली. एकोणीस. सप्टेंबरपासून एवढी मी एकत्र बघितली नव्हती. असमाचा नवरा दाभोळच्या खाडीत जाळं कसं टाकतात ते सांगत होता आणि रेहान उभा राहून हातवारे करून दाखवत होता, कोळंबीचा धागा कसा काढायचा ते. त्याच्या बोलण्यात मला निदान सहा ठिकाणी टोकावंसं वाटलं. सहाही वेळा मी चहाचा घोट घेतला.

सातव्या वेळी चहा संपला होता. मी तोंड उघडलं, "रेहान, त्याला आपण..."

शेजारी बसलेल्या स्वरानं माझ्या मांडीवर हात ठेवला. बोटं कोळंबीनं माखलेली. "बाई, तुम्ही गप्प बसा ना. मला ऐकू येत नाहीये."

अडीच वर्षांत या पोरीनं माझ्याशी मराठीत उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. साडीवर डाग पडला. मी गप्प बसले, आणि घमेल्यातली एक कोळंबी उचलून तिच्याकडे सरकले, सोलायची कशी ते विचारायला.